मार्चातल्या थंडीत तळ्यावर गळ: लायसन्स, अळ्या आणि पहिला रोच

आमचा लेक जानेवारीत १३ वर्षांचा झाला आणि त्याच दिवसापासून, इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे, गोड्या पाण्यात गळ टाकायला त्याला लायसन्स लागू झालं. त्याहून लहान मुलांना काही लागत नाही. १३ ते १६ वयाच्या मुलांना ते फुकट मिळतं, पण नोंदणी करावीच लागते. मला यातलं काहीही माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी मूळची दाभोळची. आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे गरी घ्यायची, मूठभर कोळंबी घ्यायची आणि भरती बघून जेटीवर जाऊन बसायचं. परवानगी घ्यायचीच तर आईची.

हे खूळ आलं कुठून, तर २०२४ च्या उन्हाळ्यात केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठी मुलांना मासेमारीची ओळख करून देणारं एक मोफत सत्र होतं. इथले बरेचसे कालवे सांभाळणारी कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था 'लेट्स फिश' नावाने अशी सत्रं ठिकठिकाणी घेते. तासाभरात लेकाने बोटाएवढे दोन-तीन मासे काढले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शाळा सुरू झाली की विसरेल असं वाटलं होतं. विसरला नाही. वाढदिवसाला काय हवं, तर फिशिंग रॉड. पुढचं सगळं माझ्याकडे आलं, कारण नवरा सोलापूरकडचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार, आणि पाणी दिसलं की आधी आपल्याला पोहता येत नाही हे जाहीर करणारा.

रेडिंगमध्ये आणि आसपास इतकी मराठी कुटुंबं आहेत, तरी या बाबतीत विचारायला कोणी सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी थोडी ओळख. इथे गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे सरळ दोन भाग पडतात. सामन आणि ट्राउट एका बाजूला. त्यांचं पाणी महाग आणि थाटही वेगळा. उरलेले सगळे, म्हणजे रोच, पर्च, ब्रीम, टेंच, कार्प, पाइक वगैरे, दुसऱ्या बाजूला. त्यांना कोर्स फिश म्हणतात आणि सुट्टीच्या दिवशी हिरवी छत्री लावून बसलेला इंग्रज माणूस बहुधा त्यांच्याच मागे असतो. कार्प म्हणजे आपल्याकडे धरणांच्या परिसरात सायप्रिनस म्हणून विकतात तोच. रोच हा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, पण तळहातावर मावणारा. तळ्यावर धरलेला मासा तिथेच पाण्यात सोडायचा असतो. तो घरी आणला तर ती चोरी.

लायसन्सचं काम सर्वांत सोपं निघालं. ते एन्व्हायर्नमेंट एजन्सी देते आणि अर्ज सरकारच्या वेबसाइटवर होतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, किती दिवसांसाठी हवं, कुठले मासे धरणार. 'ट्राउट अँड कोर्स' हा पर्याय निवडायचा. सामनचं लायसन्स वेगळं आणि बरंच महाग. लेकाचं वर्षभराचं फुकटात झालं, चहा निवायच्या आत ईमेल आला. मोठ्यांसाठी एक दिवस, आठ दिवस आणि वर्ष असे तीन प्रकार आहेत. दिवसाला साधारण ७ पौंड आणि वर्षाला दोन काठ्यांपर्यंत ३५ ते ४० पौंडांच्या दरम्यान, असे दर मी घेतलं तेव्हा होते. ते अधूनमधून बदलतात, तेव्हा वेबसाइटवर बघून घ्या. ६६ च्या पुढच्यांना सवलत आहे. आईबाबा उन्हाळ्यात येणार असतील तर लक्षात ठेवा.

मी नुसती शेजारी बसून राहणार असते तर मला लायसन्स लागलं नसतं. पण काठी हातात घेणार असाल तर घ्याच. लायसन्सशिवाय सापडलात तर २५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि "मुलाचीच काठी आहे, मी जरा धरली होती" हे तिथे उभं राहून इंग्रजीत पटवून द्यायची माझी तयारी नव्हती. मी आदल्या रात्री एका दिवसाचं घेतलं. त्यात सुरुवातीची वेळ आपण निवडायची असते आणि तिथून २४ तास मोजले जातात. सकाळी सातची वेळ टाकली.

लायसन्स मिळालं म्हणजे कुठेही जाऊन गळ टाकता येतो, असा माझा समज होता. तसं नाही. प्रत्येक पाण्याला मालक असतो. कुठे शेतकरी, कुठे नगरपालिका, पण बहुतेक वेळा एखादा अँग्लिंग क्लब, ज्याने ते तळं विकत किंवा भाड्याने घेतलेलं असतं. त्यांची परवानगी, म्हणजे वर्षाचं सभासदत्व नाहीतर दिवसाचं तिकीट, वेगळं काढावं लागतं. रेडिंगच्या नैर्ऋत्येला केनेट नदीच्या खोऱ्यात खडी काढून झाल्यावर पाण्याने भरलेले खड्डे आहेत, एकाला लागून एक. नकाशात बघितलं तर सरोवरांचा प्रदेश वाटतो. त्यातल्याच एका तळ्यावर जायचं ठरलं, कारण तिथे वाहनतळापासून काठ जवळ होता आणि लहान मुलांना बंदी नव्हती. काही क्लबांची तळी फक्त मोठे कार्प धरणाऱ्यांसाठी राखलेली असतात. तिथे तीन-तीन दिवस तंबू ठोकून बसतात लोक. ते आपलं काम नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्लबला ईमेल केला. उत्तर यायला आठवडाभर लागला. हे क्लब चालवणारे बहुतेक निवृत्त लोक असतात, सगळं काम हौसेचं, त्यामुळे रोज ईमेल बघतीलच असं नाही. उत्तर मात्र प्रामाणिक होतं. त्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा आता सभासद होऊन पैसे वाया घालवू नका, दिवसाचं तिकीट काढा आणि आवडलं तर एप्रिलमध्ये या. मोठ्यांना १० पौंड, मुलांना ५. तिकीट तळ्यावर मिळत नाही, गावातल्या फिशिंगच्या दुकानातून आधी घ्यायचं. सोबत दोन पानं नियम जोडले होते. ते मी छापून फ्रीजवर लावले. गळ बिनकाट्याचा हवा (म्हणजे गळाच्या टोकाशी जो उलटा दात असतो तो नको), जाळी बिनगाठीची हवी, सोळाच्या आतल्या मुलाबरोबर मोठं माणूस हवं, काठी पाण्यात सोडून उठायचं नाही, शेंगदाणे वगैरे आमिष म्हणून वापरायचे नाहीत. शेवटचा नियम वाचून नवरा म्हणाला, "चला, निदान शेंगदाणे तरी आपल्यालाच राहिले."

तारीख ठरली शनिवार, १५ मार्च. ती मी फक्त शनिवार म्हणून निवडली होती. दुकानातल्या माणसाने सांगितलं, की त्या दिवशी तळ्यावर गर्दी असेल, कारण १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत इंग्लंड-वेल्समधल्या नद्यांवर कोर्स फिशिंगला बंदी असते. मासे अंडी घालतात म्हणून. हा नियम १८७८ च्या कायद्यापासूनचा आहे. शेफील्डचे खासदार मुंडेला यांनी तो पुढे रेटला होता. पूर्वी तळ्यांनाही लागू असे, पण १९९५ पासून बहुतेक तळी त्यातून वगळली. काही संरक्षित तळ्यांवर अजून आहे, म्हणून आपापल्या ठिकाणी विचारून घ्यावं. मला हे समजायला वेळ लागला नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, त्यामागचा विचार तोच आहे.

दुकानाबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण मला सगळ्यात जास्त धाकधूक तिथे जायची होती. अंधारलेली लांबट खोली, छतापर्यंत काठ्या, आत तीन पुरुष गप्पा मारत उभे. मी आणि लेक आत शिरलो तशा गप्पा थांबल्या. मी सरळ सांगितलं: आम्हाला काही येत नाही, साठ पौंडांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, पंधरा मार्चला अमुक तळ्यावर जायचंय. हे फार उपयोगी पडलं. रीळवाली काठी बघायलासुद्धा दिली नाही त्याने. पाच मीटरची व्हिप काढून दिली. व्हिप म्हणजे एकात एक सरकणारी बारीक काठी, रीळ नाही, दोर थेट टोकाला बांधायचा. आमच्याकडे पोरं बांबूच्या काठीला दोर बांधून खाडीत टाकतात, तेच, फक्त कार्बन फायबरचं. १८ पौंड. लँडिंग नेट, म्हणजे लागलेला मासा पाण्यातून वर घ्यायची जाळी, आणि त्याचा दांडा जुना मिळाला, १५ ला दोन्ही. दोर, बोया आणि वजनं आधीच जुळवून प्लास्टिकच्या चौकटीवर गुंडाळलेली मिळतात, त्याला रिग म्हणतात. त्या दोन घेतल्या. गुंता होतोच, तेव्हा एकीवर भागत नाही. विसाव्या नंबरचे गळ घेतले. इथे नंबर जितका मोठा तितका गळ लहान, तर विसावा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. गळ माशाच्या तोंडातून काढायची काडी, तिला डिसगॉर्जर म्हणतात, ती एका पौंडाला. ती विसरायची नाही. खोली मोजायचं छोटं वजन, दीड पौंड.

बोयाखालची वजनं शिशाची नसतात. लहान शिशाच्या गोळ्यांवर इथे १९८७ पासून बंदी आहे, कारण हंस त्या खड्यांबरोबर गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. आता टंगस्टन किंवा कथलाच्या मिश्रणाच्या येतात. गावाकडून येताना कोणी हौसेने गळ-शिसं आणलं असेल तर ते तसंच ठेवून द्या.

आमिष: अळ्या. माशीच्या जिवंत, वळवळणाऱ्या, पांढऱ्या आणि लाल रंगवलेल्या. पाइंटच्या मापाने विकतात, दुधासारख्या. अर्धा पाइंट पुरेल म्हणाला, दोन पौंड. त्या थंड ठेवाव्या लागतात, नाहीतर कोश होतात आणि मग माश्या. थंड म्हणजे कुठे, तर फ्रीजमध्ये. आमच्या घरात गुरुवारी होळी झालेली, फ्रीजमध्ये पुरण, कटाची आमटी, आणि शुक्रवारी संध्याकाळी मी भोकं पाडलेला अळ्यांचा डबा घेऊन दारात उभी. नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, "झाकण घट्ट आहे ना?" शेवटी डबा रात्रभर मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ठेवला. बाहेरच दोन अंश होतं, फ्रीजची गरजच नव्हती. थंडीचा तेवढा एक फायदा.

शनिवारी सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा थर. तो खरवडून निघायला साडेसात झाले. दुकानदाराने बजावलं होतं, की पहाटे जाण्याचा आटापिटा उन्हाळ्यात ठीक, मार्चात मासे तुमच्याइतकेच उशिरा उठतात. साडेआठला पोचलो. फाटकापाशी जंतुनाशकाचा हौद होता, त्यात जाळी बुडवायची सक्ती. आमची जाळी जुनी घेतलेली, म्हणून जरा जास्तच वेळ बुडवली. याला कारण आहे. एका पाण्यातले जीव ओल्या जाळीतून दुसऱ्या पाण्यात जातात. केंब्रिजशायरमधल्या ग्रॅफम वॉटरमध्ये २०१० साली परदेशातून आलेली एक खादाड कोळंबी सापडली. किलर श्रिंप म्हणतात तिला, आणि ती तिथल्या लहान जीवांचा फडशा पाडते. तेव्हापासून तपासा, धुवा, वाळवा असं सगळीकडे सांगितलं जातं. कोळंबीला घाबरणारं पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं.

काठावर बसायच्या ठरलेल्या जागा असतात, लाकडी फळ्यांच्या, त्यांना पेग म्हणतात. त्या सकाळी फळ्यांवर दंव गोठलेलं होतं आणि पाय सरकत होता. मुलांना बुटांचा तळ खरबरीत हवाच. वारा ईशान्येचा होता, फार नाही पण कानाला झोंबणारा. आम्ही उत्तरेकडचा काठ घेतला. वारा पाठीमागच्या झाडांनी अडवला आणि ऊन समोरून येणार होतं. आणखी एक कारण होतं: लेकाला स्वतःचा बोया दिसायला शांत पाणी हवं.

शेजारच्या पेगवर सत्तरीचे एक आजोबा होते. आम्ही सामान मांडत असताना ते काही बोलले नाहीत, फक्त बघत होते. मग लेकाने खोली मोजायला घेतली. गळाला ते वजन लावायचं, तळाशी टेकवायचं, आणि बोया दोरावर वर-खाली सरकवत त्याचं टोक बरोबर पाण्याच्या पातळीला आणायचं. काठाजवळ चार फूट, काठीच्या टोकाखाली जवळपास आठ. आजोबा तेव्हा उठून आले. म्हणाले, आठ फुटातच ठेव, आणि अळी तळाला टेकू दे. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून हिवाळ्यात त्या तापमानाचं पाणी खाली बसतं आणि त्याहून गार पाणी वर तरंगतं. मासे खाली जाऊन पडून राहतात. थंड रक्ताचे प्राणी, पाणी गार तर त्यांचं पचनही मंद. पोट रिकामं व्हायलाच वेळ लागतो, मग खातील कशाला? म्हणून अळ्या टाकायच्या त्या मोजून पाच-सहा, दहा मिनिटांनी. मुठीने टाकल्या तर मासा जेवून झोपी जाईल आणि तुझ्या गळावरच्या अळीकडे ढुंकून बघणार नाही. हे सगळं त्यांनी माझ्याकडे न बघता लेकाला सांगितलं, आणि मला तेच बरं वाटलं.

नऊ ते साडेअकरा, काही नाही. अगदी काही नाही. बोयाचं लाल टोक पाण्यावर मोहरीएवढं ठेवलेलं, ते तसंच. मुलाला घेऊन जाणाऱ्यांनी या अडीच तासांची तयारी करून जावं. मासे सोडून बाकी सगळं घडतं. तळ्याच्या मध्ये टिबुकलीच्या मोठ्या, शेंडीवाल्या भावंडांची जोडी होती. समोरासमोर येऊन माना हलवत होती, एक डावीकडे, दुसरा उजवीकडे, पुन्हा पुन्हा. विणीच्या आधीचा नाच. पलीकडच्या काठावर ब्लॅकथॉर्नला पांढरी फुलं आलेली, पानांच्या आधीच. एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता आणि आजोबा त्याच्याकडे अशा नजरेने बघत होते की शेजाऱ्याने कुंपण आत सरकवलंय. त्याचं पोट भरलेलं होतं, एवढं नक्की.

थंडी पायांतून चढते. जाकीट कितीही चांगलं असो, गोठलेल्या फळीवर बूट टेकवून बसलात की तासाभरात गुडघ्यापर्यंत बधिर. रबरी वेलिंग्टन सर्वांत वाईट. दोन जोड मोजे, चामड्याचे बूट, आणि बुटांखाली जाड पुठ्ठा किंवा योगासनांच्या चटईचा तुकडा. हा पुठ्ठ्याचा उपाय आजोबांचा; त्यांनी त्यांच्यातला अर्धा फाडून आम्हाला दिला. बोटं उघडी राहणारे हातमोजे घ्या, कारण विसाव्या नंबरच्या गळावर अळी लावणं हातमोजे घालून जमत नाही. दोन टॉवेल. गरम पाण्याची पिशवी मी हौसेने नेली होती, ती शेवटी कोटाच्या आत गेली आणि तिथून निघाली नाही. गारठ्याने अळ्यासुद्धा काडीसारख्या ताठ होतात. आजोबांनी त्यांची एक लहान डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती. वळवळणाऱ्या अळीला मासा लवकर फसतो.

आणि बायकांसाठी: क्लबांच्या तळ्यांवर बहुधा स्वच्छतागृह नसतं. पुरुष मंडळी झाडामागे जातात आणि हा प्रश्न त्यांच्या नियमांच्या दोन पानांत कुठेच येत नाही. सर्वांत जवळचं कुठे आहे ते आधी बघून ठेवा. मी दहा मिनिटांवरच्या गार्डन सेंटरमध्ये जाऊन आले, लेकाला सोबत घेऊन, सगळं सामान आवरून. चहा बेताने प्या असं सांगणार होते, पण त्या थंडीत ते शक्य नाही.

अकराच्या सुमाराला बेलिफ आले. बेलिफ म्हणजे इथे क्लबचा देखरेख करणारा माणूस, गळ्यात ओळखपत्र. तिकिटं पाहिली, दोघांची लायसन्सं फोनवर पाहिली, जाळी बोटांनी चाचपली, आणि मग गळ एका कापडाच्या तुकड्यातून हलकेच ओढून पाहिला. उलटा दात असेल तर कापडात अडकतो. अडकला नाही. "मस्त," म्हणाले आणि लेकाला विचारलं काही लागलं का. नाही म्हटल्यावर म्हणाले, कोणालाच लागलं नाहीये. हे ऐकून त्याचा चेहरा एकदम उजळला.

बारा वाजून गेल्यावर ऊन खरंच लागायला लागलं. मी पुरणपोळीची गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि काठी माझ्याकडे घेतली. हात आधी धुवून घेतले, साबण आणि घरून नेलेल्या पाण्याने. इथल्या पाण्यातही उंदरांच्या मुतातून लेप्टो होऊ शकतो. पावसाळ्यात कोकणात आपण त्याला जसे घाबरतो तसंच इथेही सांगतात: बोटावर चीर असेल तर पट्टी लावा, जेवणाआधी हात धुवा.

तो पुरणपोळी संपवून परत काठीला आला तेव्हा बोया बुडला नाही, जरासा वर उचलला गेला. माशाने अळी तोंडात घेऊन वर यायला सुरुवात केली की खालचं वजन उचललं जातं आणि बोया उठतो. आजोबांनी हेच सकाळी सांगितलं होतं आणि मी विसरले होते. लेक विसरला नव्हता. त्याने मनगट उचललं. दोर ताठला, थरथरला. जाळीची खरं तर गरजच नव्हती, पण आम्ही ती वापरली, एवढी बुडवून जंतुमुक्त केली होती ती.

रोच. करंगळीपेक्षा जरा लांब, चांदीचा, परांना तांबूस रंग, डोळ्याभोवती केशरी कडं. धरायच्या आधी हात पाण्यात ओले करायचे, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. त्या पाण्यात हात घालणं म्हणजे काय ते तिथे गेल्यावरच कळेल. बिनकाट्याचा गळ नुसता मागे ढकलला की सुटला. लेकाने तो दोन्ही तळव्यांत घेऊन पाण्याखाली धरला, आणि तो गेला. फोटो काढायला मी फोन शोधत होते.

त्यानंतर दोन-अडीचपर्यंत मासे लागत राहिले. भराभर नाही, पण आशा सुटू नये इतके. आणखी रोच, सगळे लहान. मग माझ्या पाळीला एक पर्च आला: अंगावर काळसर पट्टे, पोटाखालचे पर भडक केशरी, आणि पाठीवर काट्यांचा पंखा. हा उलट्या दिशेने धरलात तर बोटात काटे जातात. डोक्याकडून मागे हात सरकवत काटे खाली दाबून धरायचा. मला हे कोणी सांगावं लागलं नाही. दाभोळला काटेरी मासे हाताळतच वाढलेय. लेकाने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने बघितलं असं मला वाटलं. आजोबांना एक ब्रीम मिळाला, ताटाएवढा, काळसर पितळी. त्यांनी लेकाला हाक मारून जवळ बोलावलं आणि सोडण्याआधी हात लावून बघू दिला.

तीनच्या आसपास ऊन झाडांच्या मागे गेलं आणि कोणीतरी बटण बंद करावं तसे मासे लागायचे थांबले. आम्ही आवरलं. वापरलेला दोर तिथे टाकायचा नाही, बारीक तुकडे करून घरी आणायचा. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. उरलेल्या अळ्या आजोबांना दिल्या. ते अंधार पडेपर्यंत बसणार होते.

खर्च एकूण ऐंशी पौंडांच्या आत झाला, त्यातला निम्म्याहून जास्त सामानाचा, जो पुन्हा लागणार नाही. पुढच्या खेपेला दोन तिकिटं, अळ्या आणि माझं लायसन्स, बस्स. नवीन काठी, रीळ, खुर्ची, छत्री यातलं काहीही पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. दुकानदार नको म्हणाला तर त्याचं ऐका. हो म्हणाला तर एक रात्र थांबा.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉल केला. पर्चचा फोटो बघून ते खूश झाले. "काटेरी दिसतोय. चवीला कसा?"

"सोडला आम्ही, बाबा."

"का? लहान होता म्हणून?"

"लहान-मोठा सगळेच सोडतात इथे. नियम आहे."

"मग कशाला गेलात एवढ्या थंडीत?"

नातवाने फोन माझ्याकडून ओढून घेतला आणि बोया वर उचलला जातो म्हणजे काय हे त्यांना समजावायला लागला. त्यावर मात्र बाबांचं बोलणं बराच वेळ चाललं, खाडीत तसं कधी होतं, कुठला मासा तसं करतो. सोडण्याचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. मलाही त्याबद्दल अजून ठाम काही सांगता येत नाही. भूक नसताना माशाला गळाला लावून वर काढणं मला पूर्ण पटत नाही. तेच मासे पुन्हा वाढतात, पुन्हा कोणातरी पोराला लागतात, हेही खरं आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात क्लबचा अर्ज भरला. आता मुलाचं सभासदत्व स्वतंत्र लागतं आणि त्यासोबत पासपोर्ट आकाराचा फोटो आणि पालकाची सही. कार्ड पोस्टाने यायला जवळपास तीन आठवडे लागले. फाटकाच्या कुलपाचा नंबर त्या कार्डावरच छापलेला असतो, त्यामुळे ते हातात येईपर्यंत सभासद असूनही आत जाता येत नाही. ईस्टरच्या सुट्टीत जायचं असेल तर अर्ज मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच पाठवा, आणि मुलाचा फोटो शाळेच्या गणवेशातला चालतो का ते फोन करून विचारा. आमचा चालला.